ड्यूएट (दूरचित्रवाणी कथाभाग)

‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ या अमेरिकी विज्ञानमालिकेतील जून १९९३ मध्ये प्रसारित झालेला भाग. बजोर ग्रहावरील कार्डेशियन राजवट आणि गॅलिटेप श्रमछावणीतील हत्याकांड ही त्याची पार्श्वभूमी. नाझी छावण्यांची आठवण अटळ.

अटकेतला कार्डेशियन मारित्झा (हॅरिस यूलिन) आपणच छावणीचा क्रूर प्रमुख असल्याचे छातीठोकपणे सांगतो. प्रत्यक्षात तो तिथला साधा कारकून, रात्री किंकाळ्या ऐकू येऊ नयेत म्हणून कानांवर हात दाबून घेणारा. आपल्यावर खटला चालला, शिक्षा झाली, तरच आपला समाज गुन्हा कबूल करील, ही त्याची आशा. सत्य कळल्यावर बजोरची माजी बंडखोर कीरा (नाना व्हिजिटर) त्याला सोडून देते. पण केवळ कार्डेशियन म्हणून एक बजोरी त्याला भोसकतो.

अंतराळयुद्ध नाही, बराचसा भाग कीरा आणि मारित्झा यांच्या कोठडीतल्या संवादावर उभा आहे. मालिकेच्या सर्वोत्तम भागांत त्याची गणना होते.