मुखत्यारपत्र आणि अर्ज : पुणे सार्वजनिक सभेविषयी काही विचार

स्वयंस्फूर्त संस्था राज्यव्यवस्थेस स्थैर्य देतात, हे मत राज्यशास्त्रात रूढ आहे. पुणे सार्वजनिक सभेच्या इतिहासावरून पाहता त्यास एक पुरवणी जोडावी लागते : असे स्थैर्य संस्थेच्या अस्तित्वाने येत नाही, तिचे म्हणणे ऐकले जाईल, या उभयपक्षी विश्वासाने येते.

सभा दि. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारी हे तिचे निमित्त. किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणील त्यासच सभासद करावे, असा तिचा नियम होता. 'मुखत्यार' हा शब्द कचेरीतला. तो येथे राजकारणात आला. औंधचे पंतप्रतिनिधी पहिले अध्यक्ष झाले, हाही एक भाषिक योगायोगच. त्यांच्या घराण्याचा किताब छत्रपतींच्या प्रतिनिधित्वाचा. आता ते रयतेच्या प्रतिनिधींत अग्रस्थानी बसले.

या यंत्रणेची खरी कसोटी १८७६–७८ च्या दुष्काळात लागली. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरील मजुरी कमी केली, तेव्हा मजूर हजारोंनी कामे सोडून गेले. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून ती अर्जांच्या रूपाने सरकारपुढे मांडली. १८७५ मध्ये सुपे येथे सावकारांचे दस्तऐवज जाळले गेले होते. त्याच मुलखातील असंतोषास या अर्जांमुळे आकडे आणि भाषा मिळाली. सरकारने सर्व मागण्या मान्य केल्या नाहीत. परंतु अर्ज घेतले गेले, हे महत्त्वाचे.

१८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले. सरकारचा संशय सभेच्या मंडळींवरही गेला; रानडे यांची बदली झाली. तरीही बंडवाल्याचे वकीलपत्र घेण्यास सभेचे संस्थापक गणेश वासुदेव जोशी कोर्टात उभे राहिले. शस्त्राचा मार्ग ज्याने पत्करला, त्याचाही बचाव कायद्याच्या मार्गानेच करावा, ही त्यांची निष्ठा.

१८९५ मध्ये सभा टिळकपक्षाच्या हाती गेली. पुढील वर्षी रानडे-गोखल्यांनी डेक्कन सभा काढली. १८९६ च्या दुष्काळात टिळकपक्षाने दुष्काळाचे सरकारी नियम मराठीत करून खेडोपाडी पोहोचविले व साऱ्याच्या सुटीचा हक्क शेतकऱ्यांस सांगितला. सरकारचेच नियम रयतेच्या भाषेत सांगणे सरकारास खपले नाही. १८९७ मध्ये, सार्वजनिक प्रश्नांवर सरकारास लिहिण्याचा सभेचा अधिकार यापुढे मानला जाणार नाही, असे जाहीर झाले.

त्याच वर्षी २२ जून रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याचे तात्कालिक कारण प्लेगचा बंदोबस्त होते. दोन घटनांत सरळ कार्यकारणसंबंध जोडणे धाडसाचे होईल. एवढे मात्र खरे की, प्लेगच्या त्या महिन्यांत पुण्यातील सर्वात जुन्या मुखत्यार संस्थेच्या अर्जास सरकारदरबारी जागा उरली नव्हती.