कोंडलेला श्वास

श्रोतेहो, रत्नागिरीकडची एखादी पाखाडी चढताना आजोबा चार पायऱ्यांवर थांबून धापा टाकतात. आपण म्हणतो, वय झालं! पण पुष्कळदा दोष विडीचा नाहीतर चुलीच्या धुराचा असतो. त्याने फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या फाटून सैल पडतात. शिळी हवा आत कोंडते. ताज्या हवेला जागाच उरत नाही.

छातीला नळी लावून ऐकण्याची युक्ती काढणाऱ्या फ्रान्सच्या लाएनेक यांनी १८१९ साली या विकाराचे वर्णन केले. १९५० नंतर अमेरिकेत ब्रँटिगन यांनी छाती उघडून फुगलेला भाग कापला. पण रोगी दगावू लागल्याने ती रीत मागे पडली. १९९० नंतर कूपर यांनी ती सुधारून पुन्हा आणली.

आता काही रोग्यांना छाती उघडावी लागत नाही. घशातून दुर्बीण घालून श्वासनलिकेच्या फांदीत इवलीशी झडप बसवतात. ती हवा बाहेर सोडते, आत घेत नाही. रोगट भाग आकसतो, चांगल्याला जागा मिळते. अमेरिकेत या झडपांना २०१८ साली मान्यता मिळाली.

मात्र हा उपाय सर्वांना चालत नाही, आणि फाटलेली पिशवी पुन्हा सांधत नाही. म्हणून गुरुजनहो, मुलांना एवढे सांगाच: घरातली विडी सुटू दे, चुलीवर धुराडे येऊ दे.