लिनक्समधील हार्डवेअरची स्वयंचलित मांडणी
लिनक्समधील हार्डवेअरची स्वयंचलित मांडणी म्हणजे संगणक सुरू होताना किंवा एखादे उपकरण जोडले जाताना त्यास आवश्यक असलेल्या आज्ञा वापरकर्त्याच्या हस्तक्षेपाविना कार्यान्वित होणे होय. यासाठी प्रामुख्याने आरसी.लोकल ही संचिका, सिस्टमडीच्या सेवा आणि यूडेव्हचे नियम हे तीन मार्ग वापरले जातात.

गरज
लिनक्स कर्नल हार्डवेअरची अनेक मूल्ये सिसएफएस या आभासी फाइल प्रणालीतून उपलब्ध करून देतो. ही प्रणाली डिस्कवर साठवलेली नसते. त्यामुळे तिच्यात लिहिलेली मूल्ये संगणक बंद होताच सामान्यतः नाहीशी होतात. एचडीपार्म या आज्ञेने हार्ड डिस्कसाठी ठरवलेला विश्रांतीचा कालावधीही अनेक डिस्कवर वीजपुरवठा खंडित झाल्यानंतर टिकत नाही. अशा आज्ञा प्रत्येक वेळी नव्याने द्याव्या लागतात.

पद्धती
आरसी.लोकल ही जुन्या सिस्टम फाइव्ह परंपरेतील संचिका आहे. तिच्यातील आज्ञा प्रारंभ प्रक्रियेच्या अखेरीस, रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने, एकदाच कार्यान्वित होतात.

सिस्टमडी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रत्येक कामाची स्वतंत्र सेवा लिहिली जाते. ती कोणत्या घटकानंतर सुरू व्हावी हे नमूद करता येते आणि तिची नोंदही ठेवली जाते.

यूडेव्हची निर्मिती ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी २००३ मध्ये सुरू केली. २०१२ मध्ये ते सिस्टमडीच्या स्रोतसंहितेत समाविष्ट झाले. उपकरण आढळल्याची सूचना कर्नलकडून मिळताच यूडेव्ह त्याचा उत्पादक क्रमांक, अनुक्रमांक इत्यादी गुणधर्म नियमांशी ताडून पाहते आणि जुळणाऱ्या नियमानुसार परवानग्या, पर्यायी नाव किंवा मूल्ये निश्चित करते.

वेळ व ओळख
उपकरणे आढळण्याचा क्रम निश्चित नसतो. आज एसडीबी या नावाने ओळखली गेलेली डिस्क पुढील प्रारंभी एसडीए होऊ शकते. अशा नावावर विसंबून आरसी.लोकलमध्ये लिहिलेली आज्ञा भलत्याच डिस्कवर चालू शकते. ती आज्ञा रूटच्या अधिकाराने चालत असल्याने विदा नष्ट होण्याचाही धोका संभवतो. शिवाय यूएसबी उपकरण काढून पुन्हा जोडल्यास आरसी.लोकल पुन्हा चालत नाही. यूडेव्हचा नियम मात्र अनुक्रमांकासारख्या स्थिर गुणधर्मावर आधारता येतो आणि उपकरण जोडल्यावर प्रत्येक वेळी लागू होतो.

मर्यादा
यूडेव्हच्या नियमातून सुरू केलेला दीर्घकाळ चालणारा कार्यक्रम बंद केला जातो. म्हणून अशा कामासाठी नियमाद्वारे सिस्टमडीची सेवा सुरू करणे योग्य ठरते. निलंबित अवस्थेतून संगणक जागा होणे हा नवा प्रारंभ मानला जात नाही. त्या वेळी हरवणाऱ्या मूल्यांसाठी वेगळी व्यवस्था करावी लागते.