मागच्या रांगेतील भाषा : केटलमन सिटीची जनसुनावणी

भाषांतरविद्या पदव्युत्तर वर्गाला शिकवताना आपण उदाहरणे बहुधा साहित्यकृतींचीच घेतो. कादंबरीचे भाषांतर, कवितेचे भाषांतर, नाटकाचे रूपांतर. फार तर बायबलाचे. शासकीय कागदपत्रांच्या भाषांतराकडे आपण, खरे सांगायचे तर, काहीशा तुच्छतेनेच पाहतो. ते कारकुनी काम, त्यात प्रतिभेचा काय संबंध, अशी आपली समजूत असते. म्हणूनच एका मोठ्या प्रकल्पाची मंजुरी न्यायालयाने रद्द करावी, आणि त्यामागच्या कारणांत एका अहवालाचे भाषांतर न झाल्याचे कारण असावे, या घटनेने आमचे लक्ष वेधून घेतले. घटना कॅलिफोर्नियातील आहे, विषय कचऱ्याचा आहे, आणि तिचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतका सुखद नाही.

केटलमन सिटी हे नावापुरतेच शहर. सॅन वाकीन खोऱ्यातले, महामार्गालगतचे हे एक खेडे. २०१० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १,४३९ भरली. वस्ती जवळजवळ सगळी मेक्सिकन वंशाच्या शेतमजुरांची. गावापासून साडेपाच-सहा किलोमीटरवर, टेकड्यांच्या आड, घातक कचरा पुरण्याची एक विस्तीर्ण क्षेपणभूमी आहे. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडील अमेरिकेत या प्रकारची ही सर्वांत मोठी जागा मानली जाते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती सुरू झाली तेव्हा गावातल्या बहुतेकांना तिचा पत्ताच नव्हता. कायद्याने आवश्यक त्या सूचना निघाल्या नसतील असे नाही. पण ज्यांना त्या वाचता येणार नव्हत्या त्यांच्यापर्यंत त्या पोचल्या नाहीत, एवढे खरे.

१९८८ मध्ये त्याच जागी घातक कचरा जाळण्याची भट्टी उभारण्याचा प्रस्ताव आला. ही बातमीदेखील गावाला कळली ती सरकारकडून नव्हे, तर 'ग्रीनपीस'च्या एका कार्यकर्त्याकडून. लोकांनी संघटना स्थापन केली. 'एल पुएब्लो पारा एल आइरे इ आग्वा लिम्पिओ' हे तिचे नाव, म्हणजे 'स्वच्छ हवापाण्यासाठी लोक'. ग्रामीण गरिबांना कायद्याची मदत देणाऱ्या संस्थेतील ल्यूक कोल या तरुण वकिलाने त्यांचे वकीलपत्र घेतले. याच सुमारास १९८४ चा एक सल्ला-अहवालही चर्चेत आला होता. सेरेल असोशिएट्स या सल्लागारांनी तो राज्याच्या कचरा मंडळासाठी लिहिला होता. कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्रकल्पांना कोणत्या प्रकारची वस्ती कमीत कमी विरोध करील, याचे वर्णन त्यात होते : कमी उत्पन्नाची, कमी शिकलेली, ग्रामीण. केटलमनची निवड त्यावरून झाली असे कोणी सिद्ध केलेले नाही. परंतु वर्णन वाचताना गाव डोळ्यांसमोर उभे राहते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

कॅलिफोर्नियाच्या १९७० च्या पर्यावरण कायद्यानुसार अशा प्रकल्पाचा परिणाम-अहवाल तयार करून तो लोकांपुढे ठेवावा लागतो, आणि त्यांच्या हरकतींना उत्तरेही द्यावी लागतात. हा अहवाल हजारभर पानांचा होता, आणि इंग्रजीत होता. गावातले सुमारे ४० टक्के लोक केवळ स्पॅनिश जाणणारे. त्यांनी भाषांतर मागितले. ते मिळाले नाही. भाषांतर करावे असे कायद्यात कोठे लिहिले आहे, हा प्रशासनाचा सवाल होता, आणि तो शब्दशः बिनतोड होता.

जनसुनावणी गावात नव्हे, तर पन्नासएक किलोमीटर दूर, हॅन्फर्ड या काउंटीच्या मुख्य ठिकाणी झाली. कोल आणि शीला फॉस्टर यांच्या 'फ्रॉम द ग्राउंड अप' (२००१) या पुस्तकात या सभेचे वर्णन आहे. प्रचंड सभागृहाच्या एका टोकाला व्यासपीठावर नियोजन मंडळाचे सदस्य. आणि ज्यांना दुभाषी हवा आहे त्यांनी मागे, अगदी दुसऱ्या टोकाला जाऊन बसावे अशी सूचना. लोकांनी ती मानली नाही. अल्पसंख्याकांना आजवर मागेच बसवण्यात आले आहे, आता भाषांतर पुढे, सर्वांसमक्ष व्हावे, असे त्यांनी सुनावले. दुभाष्याची सोय केली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे अधिकाऱ्यांना मनापासून वाटले असेलही. पण दुभाषी कोठे उभा राहतो यावरूनच त्या भाषेचे सभेतले स्थान ठरते. आमच्या मते ही गोष्ट भाषांतराच्या कोणत्याही सिद्धान्तग्रंथाइतकी बोलकी आहे.

काउंटीने १९९१ मध्ये मंजुरी दिली, लोक न्यायालयात गेले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सॅक्रमेंटोच्या न्यायालयाने ती मंजुरी रद्द केली. हवेवर आणि शेतीवर होणाऱ्या परिणामांचे विवेचन अपुरे आहे, हे एक कारण. दुसरे असे की, स्पॅनिश भाषांतराअभावी लोकांचा अर्थपूर्ण सहभाग अशक्य झाला. निकाल प्राथमिक न्यायालयाचा होता, त्यामुळे इतर न्यायालयांवर तो बंधनकारक नव्हता. तरी १९९३ मध्ये कंपनीने भट्टीचा नाद सोडला. पुढे २००० साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश क्रमांक १३१६६ काढून, इंग्रजी कमी जाणणाऱ्यांना सरकारी सेवा त्यांना कळेल अशा भाषेत मिळाव्यात, असे संघराज्याच्या खात्यांना बजावले.

केटलमनची कथा बहुधा इथवरच सांगितली जाते, कारण इथे ती शोभून दिसते. पण भट्टी गेली तरी क्षेपणभूमी होतीच, आणि ती भरत आली होती. तिच्या विस्ताराचा अर्ज पुढे आला त्याच सुमारास, २००७ ते २०१० या काळात, गावात जन्मजात व्यंग असलेली अकरा मुले जन्मली. त्यांतील तीन दगावली. राज्याने २०१० मध्ये चौकशी केली. समान कारण सापडले नाही, असा निष्कर्ष निघाला. छोट्या गावातल्या छोट्या आकड्यांवरून संख्याशास्त्राला फारसे काही म्हणता येत नाही, हे आम्हांला समजते. ज्या घरात मूल दगावले त्या घरात हा युक्तिवाद कसा ऐकला गेला असेल, याची कल्पना मात्र आम्हांला करवत नाही.

विस्ताराच्या २००९ मधील सुनावण्यांत स्पॅनिश होती, दुभाषीही होता. रहिवाशांची तक्रार आता निराळी होती : भाषांतराला लागणारा वेळ बोलणाऱ्याच्याच वेळेतून कापला गेला, आणि स्पॅनिश बोलणाऱ्याच्या वाट्याला निम्माच अवधी उरला. २०१३ मध्ये घातक द्रव्ये सांडल्याच्या ७२ लहान घटना न कळवल्याबद्दल कंपनीला सुमारे ३ लाख ११ हजार डॉलर दंड झाला. २०१४ च्या मे महिन्यात राज्याच्या विषारी पदार्थ नियंत्रण खात्याने विस्ताराला परवाना दिला. क्षमता सुमारे दीडपट होणार होती. कमी धूर सोडणारे ट्रक वापरावेत अशासारख्या अटी जोडल्या होत्या.

१९९१ च्या निकालाचा अर्थ आम्ही पूर्वी जरा भाबडेपणाने लावत होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. लोकांची भाषा सभेत आली की त्यांचे म्हणणेही निर्णयात येईल, असे आम्ही गृहीत धरले होते. परवाना देणाऱ्याने हरकती ऐकल्या, नोंदवल्या, त्यांना छापील उत्तरे दिली, आणि आधी ठरल्याप्रमाणे परवाना दिला, तर प्रक्रियेत दोष कोठे दाखवणार? वंश किंवा मूळ राष्ट्र यांवरून भेदभाव करण्यास मनाई करणाऱ्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली लोकांनी तक्रार केली. २०१६ मध्ये राज्याच्या खात्याशी समझोता झाला. त्यात भाषेच्या सोयीची हमी आहे. परवाना मात्र कायम राहिला. आणि क्लिंटन यांचा आदेश १ मार्च २०२५ रोजी रद्द झाला. इंग्रजीला अमेरिकेची अधिकृत भाषा ठरवणाऱ्या आदेशातच ते कलम होते.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. भारतात १९९७ पासून ठराविक प्रकल्पांना जनसुनावणी सक्तीची झाली. २००६ च्या अधिसूचनेत सामाईक घनकचरा प्रकल्पही आहेत. सुनावणीची सूचना प्रादेशिक भाषेतील दैनिकात ३० दिवस आधी द्यायची, अहवालाचा सारांश लोकभाषेत द्यायचा, आणि शेवटी कामकाजाचा वृत्तान्त स्थानिक भाषेत समजावून सांगायचा, असे तीत आहे. संपूर्ण अहवालाच्या भाषांतराची सक्ती नाही. २०२० मध्ये हीच अधिसूचना बदलण्याचा मसुदा इंग्रजी-हिंदीतच निघाला, तेव्हा तो आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत आणावा असे दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले होते.

पण मराठीत म्हणजे कोणत्या मराठीत? आम्ही मराठीचे अध्यापक असल्याने हा प्रश्न आम्हांला चुकवता येत नाही. गावकरी 'कचरा डेपो' म्हणतात तिथे कागदावर 'क्षेपणभूमी' असते. आम्हीही वर तोच शब्द वापरला आहे, हे लिहिताना ध्यानात आले. 'लीचेट' हा शब्द देवनागरीत लिहिला की भाषांतर पार पडले असे मानण्याची रीत आहे. कचऱ्यातून झिरपणारे, जमिनीत मुरून विहिरीला उतरणारे काळे पाणी, असे तिथे लिहिता आले असते. आणि मग सभेत कोणीतरी उठून नक्कीच विचारले असते, की कोणाच्या विहिरीला?