कवड्या डोंगर ते खंबातचे आखात : अहमदनगर जिल्ह्यातील पवनचक्क्यांची बांधणी आणि सागरी पवनऊर्जेचा प्रश्न

प्रस्तावना :

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तथापि भारतातील सागरी पवनऊर्जेच्या भवितव्याचा विचार करताना या जिल्ह्याचा अनुभव दुर्लक्षिता येणार नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. भारतीय सागरी क्षेत्रात अद्याप एकही पवनऊर्जा प्रकल्प उभा राहिलेला नाही. अवजड यंत्रे दुर्गम जागी नेऊन उभी करणे म्हणजे काय, याचा अनुभव मात्र पारनेर व नगर तालुक्यांतील कोरडवाहू पठारांनी दोन दशकांपूर्वीच घेतला आहे. त्या अनुभवाच्या आधारे सागरी प्रकल्पांच्या बांधणीतील अडचणी समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

किनाऱ्यावरून पठारावर :

महाराष्ट्रातील पवनऊर्जेचा आरंभ समुद्राच्या सान्निध्यातच झाला. १९८६ साली केंद्र शासनाच्या प्रात्यक्षिक कार्यक्रमाखाली सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड येथे प्रत्येकी ५५ किलोवॅट क्षमतेच्या दहा पवनचक्क्या उभारण्यात आल्या. मांडवी, ओखा, तुतिकोरीन आणि पुरी ही त्याच कार्यक्रमातील अन्य स्थळे होत. ही पाचही स्थळे किनाऱ्यावरील आहेत. वारा म्हणजे समुद्रावरचा वारा, हीच तेव्हाची सर्वसाधारण समजूत होती.

ही समजूत प्रत्यक्ष मापनाने बदलली. ज्येष्ठ हवामानशास्त्रज्ञ अॅना मणी यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या दशकात देशभर वाऱ्याच्या नोंदी घेण्याचे काम झाले. वाऱ्यापासून मिळणारी ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर ऊर्जा आठपट होते. त्यामुळे डोंगरमाथा आणि पायथा यांतील वेगाचा अल्पसा फरकही आर्थिकदृष्ट्या निर्णायक ठरतो. सह्याद्री ओलांडून येणारा नैऋत्य मोसमी वारा पूर्वेकडील उघड्या पठारांवर वेगाने वाहतो. सातारा, सांगली, धुळे आणि अहमदनगर या जिल्ह्यांकडे गुंतवणूकदारांचे लक्ष गेले ते या कारणाने.

येथे एक विरोधाभास नोंदवणे आवश्यक आहे. पारनेरचा पट्टा पर्जन्यछायेतील, वारंवार दुष्काळ सोसणारा. मोसमी वाऱ्याचे पाणी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर पडून जाते आणि पारनेरच्या वाट्याला उरतो तो कोरडा वारा. शतकानुशतके ज्याचा काही उपयोग नव्हता, त्या वाऱ्याला १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रथमच बाजारभाव आला. सुपे परिसरातील कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. टाटा पॉवर कंपनीचा सुपे येथील प्रकल्प १७ मेगावॅटचा आहे, तर त्याच कंपनीचा नगर तालुक्यातील खांडके येथील प्रकल्प ५०.४ मेगावॅटचा असून तेथील प्रत्येक यंत्र ८०० किलोवॅटचे आहे.

बांधणीच्या अडचणी :

पवनचक्कीच्या बांधणीतील पहिली अडचण यंत्राची नसून रस्त्याची असते. पंचवीस ते तीस मीटर लांबीचे पाते अखंड न्यावे लागते, त्याचे तुकडे करता येत नाहीत. ज्या वळणावर एस.टी. सहज वळते तेथे हे पाते वळत नाही. त्यामुळे आधी घाट रुंद करावा लागतो, नंतर क्रेन चढते आणि मगच मनोरा उभा राहतो. २००४ च्या राज्य धोरणात पोचरस्त्यांसाठी शासकीय साहाय्याची तरतूद करावी लागली ती यामुळेच. माथ्यावर काळ्या पाषाणाचा पाया भक्कम मिळतो, परंतु तो फोडावा लागतो. शिवाय काँक्रीटला पाणी लागते, आणि पाण्याचा प्रश्न या भागात कधीच साधा नसतो. पावसाळ्यात सर्वाधिक वीजनिर्मिती होते, मात्र त्याच महिन्यांत क्रेनचे काम थांबवावे लागते.

जमिनीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा होता. माथ्यावरील मुरमाड जमिनीला शेतकऱ्याच्या लेखी चराईपलीकडे किंमत नव्हती. त्या जमिनीवरील वाऱ्याला किंमत आहे, हे मात्र घेणाऱ्याला आधी ठाऊक होते. या व्यवहारांचा सविस्तर इतिहास अद्याप लिहिला गेलेला नाही आणि तो तहसील कार्यालयातील फेरफार नोंदींवरूनच लिहावा लागेल. २००२ ते २००४ या अवर्षणाच्या काळात पवनचक्क्यांमुळे ढग पळून जातात, अशी तक्रार राज्याच्या अनेक भागांत झाली. शास्त्रीयदृष्ट्या ती टिकत नाही, कारण पात्यांची झेप जमिनीपासून शंभर मीटरच्या आसपास संपते आणि पावसाची प्रक्रिया त्याच्या कितीतरी वर घडते. परंतु या तक्रारीला केवळ अडाणीपणा म्हणणे योग्य नव्हे. डोक्यावरून वीज जाते आणि गावात भारनियमन असते, या विसंगतीचाच तो उद्गार होता.

गुंतवणुकीमागील प्रेरणाही तपासावी लागते. प्रकल्पखर्चावर पहिल्याच वर्षी शंभर टक्के, व २००२ नंतर ऐंशी टक्के घसारा मिळत असे. हा लाभ यंत्र उभारण्यावर होता, वीज निर्माण करण्यावर नव्हता. राज्य वीज नियामक आयोगाने नोव्हेंबर २००३ मध्ये नव्या प्रकल्पांसाठी प्रतियुनिट ३ रुपये ५० पैसे व दरवर्षी १५ पैसे वाढ असा दर ठरविला, तेव्हा निर्मितीला स्थिर मोल आले.

समुद्रातील बांधणी :

जगातील पहिला सागरी पवनऊर्जा प्रकल्प १९९१ साली डेन्मार्कमधील विंडेबी येथे सुरू झाला. तेथे ४५० किलोवॅटची ११ यंत्रे किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात होती आणि २०१७ मध्ये ती उतरविण्यात आली. आज १५ मेगावॅटच्या सागरी यंत्राचे एक पाते ११५ मीटरहून लांब असते. असे पाते कोणत्याही घाटाने नेता येणार नाही, ते बंदरातच घडवावे वा उतरवावे लागते. घाटरस्त्याची जागा येथे बंदर घेते आणि क्रेनची जागा समुद्रतळावर पाय रोवून उभे राहणारे जहाज.

भारताचे सागरी पवनऊर्जा धोरण २०१५ साली जाहीर झाले. २०१७ मध्ये खंबातच्या आखातात वाऱ्याचे मापन सुरू झाले. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गुजरात व तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर प्रत्येकी ५०० मेगावॅटसाठी एकूण ७,४५३ कोटी रुपयांच्या योजनेस मान्यता दिली. त्यांपैकी ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी आहेत. पोचरस्त्याच्या जुन्या तरतुदीचेच हे मोठे रूप होय. अरबी समुद्रात मोसमी महिन्यांत अवजड काम अशक्यप्राय असते, आणि त्याखेरीजच्या काळातही चक्रीवादळाचे भय असते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गुजरातच्या किनाऱ्यावर उनाजवळ धडकले, ते याच पट्ट्यात. समुद्रात सातबारा नाही, म्हणून जागेचा प्रश्न सुटला असे मानण्याचीही प्रवृत्ती दिसते. मच्छीमारांच्या वहिवाटीची नोंद कोणत्याही फेरफार वहीत नसते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

दरम्यान सुपे परिसरातील पहिल्या पिढीच्या यंत्रांचे वीस-पंचवीस वर्षांचे अपेक्षित आयुष्य संपत आले आहे. उत्तम वाऱ्याच्या जागा लहान व जुन्या यंत्रांनी अडविलेल्या आहेत. त्यांच्या जागी मोठी यंत्रे बसविण्याचे केंद्रीय धोरण २०१६ मध्ये आले व २०२३ मध्ये सुधारले गेले. येथे रस्ता आहे, वीजवाहिनी आहे, वाऱ्याच्या दोन दशकांच्या नोंदी आहेत. परंतु एकाच माथ्यावर अनेक मालक असतात. एक मोठे यंत्र बसवायचे तर अनेक लहान यंत्रांच्या धन्यांची संमती लागते आणि जुने वीजखरेदी करार नव्याने करावे लागतात. समुद्रात जहाज मिळत नाही म्हणून काम अडते, तर कवड्या डोंगरावर ते कागदावर अडते.