फायब्रोमायल्जियाचे निदान कसे केले जाते?

"डॉक्टर, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग अंग का ठणकतं?" हा प्रश्न घेऊन अनेक रुग्ण येतात. हातात तपासण्यांची जाड फाईल असते आणि 'तुला काही झालेलं नाही' हे घरच्यांचे वाक्य ऐकून ते थकलेले असतात.

फायब्रोमायल्जियातील वेदना खरी असते. या आजारात मज्जासंस्था वेदनेचे संदेश अधिक तीव्रतेने जाणवून देते. स्नायू किंवा सांधे झिजलेले नसतात, म्हणून हा आजार रक्ततपासणीत, एक्स-रेमध्ये किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. निदान होते ते रुग्णाचे ऐकून आणि त्याला तपासून.

डॉक्टर काय पाहतात?

१९९० च्या निकषांनुसार शरीरावरील १८ ठरावीक बिंदू दाबून, त्यांपैकी किमान ११ ठिकाणी दुखते का, हे पाहिले जाई. आता ते बंधनकारक नाही. २०१६ च्या सुधारित निकषांत पुढील गोष्टी पाहतात:

- कालावधी: त्रास किमान ३ महिने असावा.
- विस्तार: दोन्ही बाजूंचा वरचा भाग, दोन्ही बाजूंचा खालचा भाग आणि मान-पाठ-कंबर अशा ५ भागांपैकी किमान ४ भागांत दुखणे असावे.
- दुखऱ्या जागा: गेल्या आठवड्यात १९ ठरावीक जागांपैकी किती दुखल्या, ते मोजतात.
- इतर लक्षणे: थकवा, झोपूनही ताजेतवाने न वाटणे आणि विसराळूपणा किंवा लक्ष न लागणे यांना तीव्रतेनुसार प्रत्येकी ० ते ३ गुण. गेल्या ६ महिन्यांत डोकेदुखी, ओटीपोटात दुखणे किंवा उदासी असल्यास प्रत्येकी १ गुण. एकूण १२.

दुखऱ्या जागा ७ किंवा अधिक आणि लक्षणांचे गुण ५ किंवा अधिक असतील, अथवा जागा ४ ते ६ आणि गुण ९ किंवा अधिक असतील, तर निकष पूर्ण होतात.

मग रक्ततपासणी कशासाठी?

अशीच लक्षणे देणारे दुसरे आजार तपासण्यासाठी. साधारणपणे हिमोग्लोबिन, ईएसआर, सीआरपी, थायरॉइड आणि गरजेनुसार व्हिटॅमिन डी व बी-१२ पाहतात. आमवाताच्या तपासण्या तशी शंका असेल तरच कराव्यात. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांनीही स्नायू दुखतात, म्हणून चालू औषधे डॉक्टरांना जरूर सांगा.

आमवात किंवा थायरॉइडचा आजार असलेल्या रुग्णालाही फायब्रोमायल्जिया असू शकतो. एक आजार सापडला म्हणून दुसरा नाही, असे होत नाही.

ही लक्षणे असल्यास लवकर दाखवा

सांध्यांना सूज, सकाळी तासाभराहून अधिक आखडणे, ताप, विनाकारण वजन घटणे, हातापायांतील ताकद कमी होणे. अशा वेळी आधी दुसरे कारण शोधावे लागते.

भेटीला येण्यापूर्वी

आठवडाभर एका वहीत रोज लिहा: कुठे दुखले, झोप कशी झाली, कोणते काम अर्धवट सोडावे लागले. जुने रिपोर्ट आणि औषधांची चिठ्ठी सोबत आणा. शक्य असल्यास घरातील एका व्यक्तीलाही घेऊन या. निदान त्यांनी समोर बसून ऐकले, तर घरी पुन्हा पुन्हा पटवून देण्याची वेळ येत नाही.

रिपोर्ट नॉर्मल येणे म्हणजे वेदना खोटी ठरणे नव्हे. निदान झाले की तपासण्यांची धावपळ थांबते आणि नियमित हलका व्यायाम, झोपेची शिस्त व गरजेपुरती औषधे या उपचारांकडे वळता येते.