मंत्रालय आणि वऱ्हाड

इतिहासाचा अभ्यासक किल्ले, लेणीं आणि शिलालेख पाहावयास जातो. परंतु ज्या वास्तूंतून प्रत्यक्ष राज्यकारभार चालतो, तिच्याकडे तो क्वचितच वळतो. हा दोष अंशतः तरी दूर व्हावा म्हणून आम्ही नुकतेंच मुंबईचें मंत्रालय पाहिलें.

ओव्हल मैदानासमोरचें जुनें सचिवालय १८७४ सालचें. कमानी, सज्जे व कोरीव दगड यांच्या योगानें परक्या सत्तेनें तेथें आपला दरारा उभा केला. १९५५ सालीं बांधलेल्या नव्या सचिवालयानें, म्हणजेच आजच्या मंत्रालयानें, हा सारा साज टाकून दिला. सरळ रेषा, एकसारखे मजले, ओळीनें खिडक्या. कायद्यापुढें सर्व समान, हेंच तत्त्व जणूं सिमेंटांत ओतलेलें.

परंतु वऱ्हाडी मनुष्यास ही समानता दुरूनच पाहावी लागते. १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत गेलेला हा प्रांत १९०३ सालीं मध्यप्रांतास जोडला गेला. तेव्हां सचिवालय नागपुरास, अमरावतीहून सुमारें १५० किलोमीटरांवर होतें. १९५६ सालीं वऱ्हाड मुंबई राज्यांत आला आणि तें अंतर ६५० किलोमीटरांहून अधिक झालें. या अंतराची धास्ती पुढाऱ्यांस आधींपासूनच होती. ८ ऑगस्ट १९४७ च्या अकोला करारांत, महाराष्ट्र एक झाला तरी विदर्भाच्या उपप्रांतास स्वतंत्र विधिमंडळ असावें, असें ठरलें होतें. १९५३ च्या नागपूर करारांत तें मागें पडलें; सरकारनें ठराविक काळ नागपुरास जावें व वर्षांतून निदान एक अधिवेशन तेथें भरवावें, या आश्वासनावर समाधान मानलें गेलें.

मंत्रालयाच्या मधल्या चौकांत आडवी ताणलेली जाळी आम्हांस दिसली. २०१८ सालीं धुळे जिल्ह्यांतील एका वृद्ध शेतकऱ्यानें भूसंपादनाच्या मोबदल्यासाठीं येथें प्राण पणास लावले व ते गमावले. आणखी एकाचा तेथेंच अंत झाला. मग ही जाळी आली. ऑगस्ट २०२३ मध्यें अप्पर वर्धा धरणांत जमिनी गेलेल्या अमरावती जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं आपलें गाऱ्हाणें ऐकिलें जावें म्हणून याच जाळीवर उड्या घेतल्या.

जाळीनें जीव वांचतात, हें समाधानच. परंतु अर्ज घेऊन आलेल्यास दाद मागण्यास तेवढीच जागा उरावी, याचें उत्तर वास्तुशिल्पांत नाहीं. अकोल्यास बसून ज्यांनीं करार केला त्यांची शंका अनाठायीं नव्हती, हा विचार मनांत घेऊन आम्ही रात्रीं अमरावतीची गाडी धरली.